पळसाला पान एकच

दस्तगीरमामा दहावी नापास,
आणि वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या किल्ल्या
त्यांच्याच कमरेला.
अंबाजोगाईला मार्चमध्ये अकरालाच भिंती तापायच्या,
मामा ट्रेमध्ये फांद्या मांडायचे,
वर ओलं फडकं.

सर सांगायचे ते वहीत आहे:
पर्णतल, देठ, पर्णपत्र,
मध्यशीर, तिला फुटलेल्या शिरा, शिरांना फुटलेल्या उपशिरा,
पिंपळाची जाळी, ज्वारीच्या समांतर रेघा,
कडा अखंड, कडा दंतुर.
सगळं हिरव्या पेन्सिलीनं रंगवलेलं.
त्यातली एकही शीर मी झाडावर पाहिली नव्हती.

मामांचं वहीत नाही.
कण्हेराची फांदी उलटी धरून ते म्हणायचे,
"बघ, एका पेरावर तिघं. दाटी हाय, भांडण न्हाई."
रुईची पानं समोरासमोर,
आणि वरची जोडी खालचीला आडवी,
"खालच्याला बी ऊन पायजे ना."
पावसानं ओढ दिली त्या ऑगस्टात
वसतिगृहामागच्या वावरात ज्वारीचं पान
दुपारी स्वतःची सुरळी करून घ्यायचं,
ते त्यांनी खिडकीतून दाखवलं.
"तोंडं मिटून घेतलीत त्यानं."
पर्णरंध्रं हा शब्द त्यांना येत होता.
वापरायचे नाहीत.

"फड्या निवडुंगाचं पान कुठंय?"
प्रयागनं हिरव्या फड्यावर बोट ठेवलं, आणि ओरडली.
"ते खोड हाय, लेकरा.
पान तुझ्या बोटात घुसलंय."

बुट्टेनाथाच्या दरीत सहल गेली
तेव्हा पळस फुलून गेला होता,
नवी पानं तांबूस, लवदार,
कानाच्या पाळीसारखी.
प्रयाग म्हणाली, कुठंही जा, पळसाला पानं तीनच.
सगळे हसलो. मामा हसले नाहीत.
फांदी खाली ओढून धरली.
"ह्या तिघींच्या बुडाशी कोंब हुडक."
तिनं मधलीच्या बुडाशी पाहिलं,
मग बाजूच्या दोघींच्या, त्या जरा वाकड्या असतात.
नव्हता.
"आता हितं."
लांब देठ जिथं फांदीला चिकटतो
त्याच्या काखेत, मामांच्या नखाशी,
मोहरीएवढा, मखमली, मिटलेला.
"कोंब हाय तिथं पान. ह्या नुसत्या पर्णिका.
म्हण करणाऱ्यानं काख बघितली न्हाई."

तरी परीक्षेत सातव्या ट्रेसमोर
घाईत मी लिहिलं: साधी पानं, तीन.
मामा घंटा घेऊन मागंच उभे होते.
त्यांनी ती वाजवली, जरा उशिरानं.
ते जादाचे क्षण
मी मान वर न करता घालवले.

यंदा त्याच प्रयोगशाळेत बाहेरची परीक्षक म्हणून गेले.
टेबलं नवी, खिडकीबाहेर वावर नाही, प्लॉट.
मामा कुठं असतात विचारलं,
तर किल्लीवाला पोरगा म्हणाला, कोणते मामा?
कपाट मात्र तेच.
त्यात वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबलेली आमची दरी.
चिठ्ठीवर पळस, स्थळ, तारीख,
संग्राहक म्हणून निटूरकर सरांचं नाव, झोकदार अक्षरात.
डिंक सुटलेला.
तिन्ही पर्णिका देठावेगळ्या होऊन
कागदावर तीन दिशांना पडलेल्या.
आता कुणीही उघडेल तर म्हणेल, तीन.

देठ घडीत सापडला, काडीसारखा.
त्याचं बूड मी भिंगाखाली धरलं,
बराच वेळ.
कोंब तिथं नसणार हे ठाऊक होतं.
पान खुडलं तरी
तो फांदीवरच राहतो.